मागून बोलायला मी आहे

आमच्या ह्यांनी हॉलमध्ये बसणं सोडलं त्याला चार महिने झाले. विचारलं की म्हणायचे, "टीव्हीत आता काही राम उरला नाही." राम टीव्हीत नव्हता की कानात, ते मला ठाऊक होतं. एकदा सगळं घर हसून गप्प झालं, मग हे हसले. सुनेने वळून पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून पेपर घेऊन आतल्या खोलीत. कानातलं मशीन आणलं तर म्हणाले, "माझ्या कानाला काय धाड भरलीय?" ते कपाटात पडलंय.

लेकाने टीव्हीखाली लावायचा साउंडबार घ्यायचं काढलं, मागे ठेवायच्या दोन स्पीकरांसकट. मी म्हटलं, मीही येणार आणि हेही येतील.

"आई, तुला त्यातलं काय कळतं?"

"तुला बोलायला मीच शिकवलं. आवाजातलं तेवढं कळतं."

दुकानात टायवाल्या सेल्समनने गाड्यांची टक्कर लावली. काचा थरथरल्या.

"छान आहे," हे म्हणाले.

दुसऱ्यालाही छान. तिसऱ्यालाही छान. हे छान माझ्या ओळखीचं. भाजीत मीठ नसलं तरी हेच म्हणतात. माझा पाय एका जागी ठरेना. लेक तर कार्ड काढूनच बसला होता.

"बाबा रे," मी सेल्समनला म्हटलं, "आमच्या घरात गाड्या आपटत नाहीत. माणसं बोलतात ते लाव."

त्याने बातम्या लावल्या. मी ह्यांना खांदे धरून पडद्याकडे पाठ करून उभं केलं. हे लोकांचे ओठ बघून दिवस ढकलतात, ते मला उशिरा कळलं होतं.

"मला काय शाळेत उभं केलंयस?"

"काय म्हणाली ती बातम्यावाली, सांगा."

मोठ्या, महागड्या डब्यावर ह्यांना एक शब्द सांगता आला नाही. सेल्समन नखं बघायला लागला. लेकाने पहिल्यांदा बापाच्या तोंडाकडे नीट पाहिलं आणि कार्ड खिशात ठेवलं.

"काकू, एक साधा आहे. एकच पट्टी. रिमोटवर फक्त बोलणं मोठं करायचं वेगळं बटण आहे."

"लाव."

हे दाराकडे बघत होते, आता निघूनच जातील असे. मग मान जरा वाकडी झाली.

"उद्या पाणी नाही म्हणते. तीन दिवस." आणखी कान देऊन, "पाइप बदलतायत."

"पण आई, ह्याला मागचे स्पीकर नाहीत," लेक पुटपुटला.

"मागून आवाज कशाला हवाय? मागून बोलायला मी आहे."

निम्म्या पैशांत काम झालं. पण दुकानात ऐकू आलं म्हणून घरी बसतीलच असं थोडंच आहे? संध्याकाळी लेकाने पट्टी टीव्हीखाली लावली, मालिका सुरू झाली, आणि हे आतच. सून म्हणाली, "बोलवू का बाबांना?" मी डोळे वटारले. बोलावलं की हा माणूस हमखास येत नाही. मी उगाच धुतलेले पेले परत धुतले, दोनदा हॉलमध्ये येऊन पडदे सारखे केले.

तिसऱ्यांदा मी आले तेव्हा हे चष्मा कपाळावर चढवून दारात उभे.

"हा मेला होता ना?"

"बाबा, तो मागच्याच महिन्यात परत आला," सून म्हणाली.

"मला कोणी सांगितलं नाही ते." मग लेकाला म्हणाले, "सरक."

लेक सरकला. हे बसले, आणि मी त्या मेल्या माणसाची सगळी हकिगत सांगायला तोंड उघडलं, तर ह्यांनी माझ्याकडे न बघताच हात वर केला.

"थांब जरा. ऐकू दे."