मधुरानंदाची कळशी

महाल भागातल्या भैय्याजींच्या ओसरीवर गुरुवारी पाय ठेवायला जागा नसे. मधुरानंद महाराज पितळी कळशीतल्या पाण्यावरून हात फिरवत, डोळे पांढरे करत आणि गर्जत, "ज्याचं मन साफ त्याले हे पाणी अमृतावानी गोड! पाप्याले फिक्कं!"

पहिला घोट यजमान भैय्याजींचा. "वा! पेढ्यावानी!" मग त्यांच्या बायकोचा, मग दोन्ही सुनांचा. यानंतर फिक्कं म्हणायची छाती कोणाची?

आळीतल्या मनकर्णाची झाली. "मले तं नळाचंच लागून राहिलं गा महाराज," ती हसत बोलून गेली. दुसऱ्या दिवसापासून नळावर तिची घागर पायानं सरकवली जाऊ लागली. तिच्या पोरीला गोवर आला, तेव्हा आळीतलं कुत्रंही उंबऱ्याशी फिरकलं नाही.

गोपिका हे शिवणयंत्रामागून पाहत होती. नवरा गेल्यावर तिच्याशी बोलायला घरात भिंतीच उरल्या होत्या. ओसरीवर पहिल्यांदा "गोड" म्हटलं, तेव्हापासून बायका दारात थांबून विचारू लागल्या, "काहून वं गोपिका, जेवली का?" तेवढ्या एका प्रश्नासाठी ती दर गुरुवारी खोटं बोलत होती.

मग भैय्याजींनी फर्मान काढलं. येत्या गुरुवारी तीर्थ घेऊन सगळ्यांनी शपथ घ्यायची, की मनकर्णाला नळ बंद आणि तिच्याशी बोलणंही बंद. कळशी भरायची पाळी आळीतल्या घरांत फिरत असे. ती नेमकी गोपिकेवर आली.

"नशीबवान आहेस वं!" शेजारची यमुताई म्हणाली.

गोपिकेनं ताप उतरवायचं काडेचिराईत मूठभर रात्रभर भिजवलं, फडक्यानं गाळलं आणि कळशीत ओतलं.

भैय्याजींनी घोट घेतला. डोळ्यांत पाणी आलं. सगळी आळी तोंडाकडे पाहत होती. "वा... पेढ्यावानी!" बायको, सुना, सगळ्यांनी मान डोलावली. यमुताईला ओकारी आली, ती पदरात दाबून म्हणाली, "आज तं जास्तच गोड!"

गोपिका उभी राहिली. "कडू आहे ते. काडेचिराईत आहे. मीच टाकलं."

लोक एकमेकांकडे पाहू लागले. महाराज मात्र मुरलेला गडी. "पाहा! कडू औषध भक्ताईले गोड लागलं! हाच चमत्कार!"

"जय!" लोक ओरडलेसुद्धा.

गोपिकेनं गडवा भरून पुढं केला. "मंग तुम्ही घ्या ना महाराज. तुमच्याहून साफ मन कोणाचं?"

आजवर महाराजांनी कधी थेंबही घेतला नव्हता. "आमचा उपवास आहे."

"पाण्याले कायचा उपवास?" तोंड पुसत यमुताईच बोलली.

महाराजांनी घोट घेतला आणि भैय्याजींच्या धोतरावर थुंकला. शपथ राहूनच गेली.

कळशीत आधी मंत्र नव्हता, साखर नव्हती, काहीच नव्हतं. भैय्याजींच्या घरची चार तोंडं आधीच ठरवलेली होती. उरलेली सगळी फसवणूक आळीनं स्वतःच्या भीतीनं, फुकटात केली.

दुसऱ्या दिवशी नळावर अर्ध्या बायकांनी गोपिकेकडे पाठ फिरवली. फसवणाऱ्यापेक्षा ती फसवणूक दाखवणाऱ्याचाच राग लोकांना जास्त. मनकर्णानं मात्र आपली घागर सरकवून जागा केली. "काहून वं गोपिका, जेवली का?"

वाचणाऱ्यांनो, जीभ तुमची आहे. कोणी ओंजळीत तीर्थ दिलं, तर आधी चव घ्या, जे लागेल ते मोठ्यानं सांगा, आणि शेजाऱ्याचं तोंड मग पाहा.