मी कानात सांगितलेला ठेका

मित्रांनो, मी एक जुना हेडफोन आहे, बिनतारी. माझी एक गादी सोलवटली आहे आणि डोक्यावरची पट्टी चिकटपट्टीच्या जिवावर तग धरून आहे. माझा जन्म कुठे झाला, ठाऊक नाही. तळेगावच्या शाळेत शिकवणाऱ्या इरावतीने मला दुकानातून लोणावळ्याला घरी आणलं. चार वर्षं मी तिला गाणी ऐकवली, बातम्या ऐकवल्या. "वायरीची कटकट नाही," असं ती येईल त्याला सांगायची. मी आपला फुशारून जायचो.

मग या श्रावणात जे झालं, ते मला अजूनही धड उमगलेलं नाही.

वलवणच्या भजनी मंडळासाठी घरीच एक भजन रेकॉर्ड करायचं होतं. आधी पेटी, तिच्यावर तबला, शेवटी गाणं, असं एकेक करून लॅपटॉपवर. इरावतीच्या आईने, प्रमोदिनीबाईंनी, पेटी वाजवून दिली. दुसऱ्या दिवशी तिचे बाबा गोपाळकृष्ण तबल्याला बसले. रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले आणि तीस वर्षं मंडळाला साथ करणारे. पेटी आणि स्वतःचा तबला, दोन्ही त्यांना माझ्यातून ऐकू येत होतं.

चार आवर्तनांत ते अडखळले. पुन्हा सुरू केलं, पुन्हा ठेका रेंगाळला. माझी तर मतीच गुंग झाली. मला लॅपटॉपकडून जे मिळत होतं, ते मी मिळताक्षणी कानात सांगत होतो. मग चुकत कोण होतं? पेटी? लॅपटॉप? की बाबा?

इरावतीने लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केला. मला चार्ज केलं. तीन दिवस हेच चाललं. चौथ्या दिवशी बाबांनी मला काढून मांडीवर ठेवलं.

"इरा, माझा हात गेला गं. गुरुवारी मंडळात सांगून टाकतो, दुसरा कोणीतरी बघा."

मित्रांनो, मला रडता येत नाही म्हणून, नाहीतर तेव्हा रडलो असतो.

तबल्यावर खोळ चढवण्याआधी त्यांनी सहज हात फिरवला. चार आवर्तनं वाजवली. तोच स्वयंपाकघरातून प्रमोदिनीबाई ओल्या हातानेच बाहेर आल्या.

"अहो, हे बरोबर आहे की! मग मघाशी सारखं थांबत का होतात?"

"मागून एक तबला येत होता. तो मागे पडायचा, म्हणून त्याच्यासाठी थांबायचो."

"पण तो तुमचाच होता ना?"

"असेल. साथीला बसलं की मागे राहील त्याला सांभाळून घ्यायचं, आम्हाला तेच शिकवलंय."

इरावतीने कपाळावर हात मारला. "बाबा, तुम्ही स्वतःचीच वाट बघत होतात! बिनतारी हेडफोनमध्ये आवाज पाव सेकंद उशिरा पोचतो. आधीच माझ्या लक्षात यायला हवं होतं."

पाव सेकंद! मी? मला तर एकदाही उशीर झाल्यासारखं वाटलं नव्हतं. उशीर आपल्याच पोटात असला तर तो आपल्याला कळायचा कसा? हा घोळ मला आजही सुटत नाही.

इरावतीने खणातून वायरवाला इअरफोन शोधून काढला. त्यात नुसती पेटी ठेवली. बाबांनी स्वतःचा तबला स्वतःच्या कानांनी ऐकायचा. मी बाजूला खुर्चीवर पडून होतो. एका दमात भजन झालं. शेवटची तिहाई समेवर पडली आणि बाबा आपल्या हातांकडे बघत राहिले. मग डोळे पुसून म्हणाले, "अजून एकदा घे."

मित्रांनो, आम्हाला जपून वापरा, जमिनीवर आपटू नका, हे तर आहेच. पण एखाद्याचा हात गेला असं ठरवण्याआधी आम्हाला एकदा कानावरून काढून बघा. आम्ही खोटं बोलत नाही, पण उशीर करतो. आणि तेवढ्या उशिरापायी मी एका चांगल्या माणसाला म्हातारं करायला निघालो होतो.