पडदा धरणारी

फोटोमास्तरांनी चाळीस वर्षं साऱ्या गावाचे ओळखपत्रांचे फोटो काढले, आणि म्हातारपणी त्यांचा स्वतःचाच फोटो निघेना. नशीब माणसाची थट्टा करतं हे ठीक, पण इतका नेम धरून करू नये.

त्यांच्या कार्डाची मुदत संपून वर्ष झालं होतं. एरवी त्यांनी फिकीर केली नसती. पण उजवा डोळा कधीच गेलेला, डाव्यात मोतीबिंदू पिकून बसलेला, आणि डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगून टाकलं होतं, "मास्तर, महिनाअखेरच्या आत ऑपरेशन झालं तर झालं. पुढे मी हात लावणार नाही." दवाखान्याच्या खिडकीवर मात्र मुदतीतल्या कार्डाशिवाय नाव लिहून घेत नव्हते.

मास्तरांना डोळा हवा होता तो काही पेपर वाचायला नव्हे. त्यांना कपाटातल्या निगेटिव्ह्ज पाहायच्या होत्या.

त्याचं असं होतं. स्टुडिओच्या भिंतीला ओल होती, खिळा ठोकला की पोपडाच हातात यायचा. म्हणून गिऱ्हाईक स्टुलावर बसलं की मास्तरांची बायको मागे पांढरं कापड दोन्ही हातांनी ताणून उभी राहायची. ती कापडाच्या आड, त्यामुळे दिसायची फक्त तिची बोटं. दोन्ही कोपऱ्यांवर चार-चार, डाव्या हाताची करंगळी वाकडी. फोटो कापताना मास्तर कडा छाटायचे, त्यात बोटंही जायची. निगेटिव्हमध्ये मात्र ती राहायची, काळ्या दिसणाऱ्या कापडावर उजळ. स्वतःचा फोटो तिने कधी काढू दिला नाही. "मी समोर बसले तर पडदा कोण धरणार, तुमचे तीर्थरूप?" असं म्हणून मोकळी व्हायची. तिचा एकच फोटो होता, कार्डं देणाऱ्या सरकारी कार्यालयाने काढलेला, ओळखपत्रावरचा, आणि ती गेल्यावर नियमाप्रमाणे ते कार्ड जमा करावं लागलं. त्याच कार्यालयात खिडकीपलीकडच्या माणसाने मास्तरांदेखत कात्रीने त्याचे दोन तुकडे केले आणि पोचपावती हातात दिली. तीन वर्षं झाली त्याला. आता मास्तरांकडे बायको उरली होती ती एवढीच: आठ बोटं, हजारो वेळा. आणि तीही दिसेनाशी झाली होती.

आणखी एक सांगायला हवं. बाई भारी हट्टी. मोठ्या कुटुंबाचा फोटो असला की पडद्याची गरज नसायची. मग मास्तर म्हणायचे, "बाजूला हो," आणि ती फिल्म धुवायच्या अंधाऱ्या खोलीत जाऊन उभी राहायची. फोटो निघाला की ते हाक मारायचे, "झालं गं, ये." एकदा मास्तर हाक मारायला विसरले आणि गिऱ्हाइकाशी गप्पा मारत बसले. दोन तासांनी आत जाऊन बघतात तर ही तशीच भिंतीला टेकून उभी.

"अगं, बाहेर यायचं ना!"

"तुम्ही ये कुठे म्हणालात?"

लेकीने ही गोष्ट शंभरदा ऐकली होती आणि शंभरदा हसली होती.

तर, लेक कामावर जाता जाता नव्या कार्डासाठी मास्तरांना त्याच कार्यालयाच्या दारात सोडायची. पहिल्या दिवशी टोकन घेऊन, तीन खिडक्यांवर तीच माहिती तीनदा सांगून ते एकदाचे कॅमेऱ्यापुढच्या स्टुलावर बसले. मागे पांढरा फळा. कॅमेऱ्यावर एक तरुण मुलगी होती, तिचं लक्ष संगणकाच्या पडद्यावर.

"आजोबा, मान सरळ. हं. मागच्या बाई, जरा बाजूला व्हा हो."

मास्तरांनी मागे वळून पाहिलं. त्यांना नुसता पांढरा धुरळा दिसला. "माझ्याबरोबर कोणी नाही."

"अहो, मशीन फोटो घेत नाहीये. चौकटीत दुसरा चेहरा आहे म्हणतंय." मुलीने पडद्यावरची नजर काढून थेट स्टुलाकडे पाहिलं, मग पुन्हा पडद्याकडे. "उद्या या आजोबा," ती म्हणाली, आणि पुढचा नंबर तिने पुकारलाच नाही.

दुसऱ्या दिवशी स्टूल बदललं. तिसऱ्या दिवशी कॅमेरा. बाकी सगळ्यांचे फोटो झटपट निघत होते, मास्तर बसले की मशीन अडून बसायचं. रांगेतले लोक आधी कुरकुरले, मग म्हाताऱ्यापासून हातभर लांब उभे राहू लागले. चौथ्या दिवशी मोठ्या साहेबांनी त्यांना आत बोलावलं. साहेबांनी स्वतः जाऊन संगणकाचा पडदा पाहिला होता, चष्मा पुसून पुन्हा पाहिला होता, आणि यावर कार्यालयीन तोडगा काढला होता. एक प्रतिज्ञापत्र.

"वाचून दाखवतो," साहेब म्हणाले. "'छायाचित्रात माझ्या मागे दिसणाऱ्या स्त्रीशी माझा कोणताही संबंध नाही.' इथे सही करा. मग आम्ही तिला यंत्रातला दोष म्हणून वगळू."

मास्तरांचा हात टेबलावरच राहिला. "आधी मला सांगा, ती दिसते कशी?"

साहेबांनी दारात उभ्या असलेल्या कॅमेऱ्यावरच्या मुलीकडे पाहिलं. ती चाचरत म्हणाली, "बारीक आहेत. केसांत पेन्सिल खोचलीय. आणि दोन्ही हात असे पसरलेत, काहीतरी ताणून धरल्यासारखे. आजोबा, हातात तर काहीच नाही त्यांच्या."

पाकिटांवर गिऱ्हाइकांची नावं घालायला बायकोला पेन्सिल लागायची. ती हरवू नये म्हणून अंबाड्यात खोचलेली असायची. मास्तरांचे दोन्ही निकामी डोळे भरून आले.

"संबंध नाही असं मी लिहून देणार नाही," ते म्हणाले. "बायको आहे माझी."

"मग नातं पत्नी लिहा आणि त्यांचं कार्ड जोडा."

"ते तुमच्याच माणसाने कापलं साहेब, तीन वर्षांपूर्वी."

साहेबांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. "त्यासाठी आमच्याकडे फॉर्म नाही," ते हळू आवाजात म्हणाले, आणि समोर उघडी दिसणारी खिडकी बंद आहे का ते पाहायला उठले.

महिना संपायला तीन दिवस उरले होते. घरी लेक काकुळतीला आली. "बाबा, काहीही करा, पण डोळा घालवू नका." मास्तर रात्रभर विचार करत पडून राहिले. ती त्यांच्यामागे उभी होती आणि तिला पाहायला त्यांना डोळा नव्हता. डोळा मिळवायचा तर तिलाच दूर करायला हवं होतं. पण घरी आठ-आठ बोटांनी भरलेलं कपाट आहे, ते तरी दिसेल, अशी त्यांनी मनाची समजूत घातली.

सकाळी ते स्टुलावर बसले. मुलीला म्हणाले, "तयार राहा." मग मान न वळवता, चाळीस वर्षं म्हणत आले तसंच म्हणाले, "बाजूला हो."

मानेमागे काहीतरी सैल पडलं. मुलगी पुटपुटली, "गेल्या," आणि लगेच फोटो निघाला. मग एकच गडबड उडाली. अंगठा इथे, सही इथे, चला आजोबा, पुढचा नंबर. कोणीतरी दंडाला धरून त्यांना बाहेर आणलं, तातडीचं कार्ड दुपारी हातात ठेवलं, आणि दुसऱ्याच दिवशी ऑपरेशन झालं.

आठव्या दिवशी डोळा लख्ख झाला. लेकीच्या कानशिलावरचे पांढरे केस पाहून मास्तर म्हणाले, "तू कधी म्हातारी झालीस गं?" ती हसली. मग त्यांनी कपाटातला पहिला डबा काढला, खिडकीशी बसले आणि एक निगेटिव्ह उजेडात धरली.

स्टुलावर कोणी पोस्टमन बसला होता. मागे कापड होतं, ताणलेलं. वरचे दोन्ही कोपरे उचललेले, चिमटीत धरल्यावर पडतात तशा चुण्याही होत्या. पण कोपऱ्यांवर बोटं नव्हती. कापड आपलं आपणच हवेत उभं होतं.

मास्तरांनी दुसरी घेतली. तिसरी. दुसरा डबा. लेकीने त्यांच्या हातातून एक ओढून घेतली, नीट पाहिली आणि पुन्हा उजेडात धरली. "बाबा, मी लहानपणी मोजायचे ही बोटं. आईची बोटं कुठे गेली?"

मास्तरांनी तिसऱ्या डब्याला हात घातला. मग ते एकाएकी थांबले. "मी ये म्हणालोच नाही," ते म्हणाले. "त्या गडबडीत मी तिला ये म्हणालोच नाही!"

दुसऱ्या दिवशी कार्यालय उघडायच्या आत ते दारात हजर होते. कॅमेऱ्यावरच्या मुलीने त्यांना पाहिलं, पण तुमचं काम तर झालंय ना, असं काही ती म्हणाली नाही. तिचा चेहरा ओढलेला होता.

"बरं झालं आलात," ती म्हणाली. "जुन्या फायलींच्या खोलीत आम्ही कोणी जात नाही आता. दिवा लावला तरी लागत नाही. साहेबांनी कुलूप मागवलंय."

तिने लांबूनच दार दाखवलं. मास्तर दाराशी गेले. आत काळोख होता, आणि ओल्या फिल्मचा ओळखीचा वास येत होता. नऊ दिवस झाले होते. त्यांचा नवा डोळा पाण्याने भरला. आधी माफी मागावी की काय, त्यांना कळेना.

"झालं गं," ते म्हणाले. "ये."

आत, भिंतीला टेकलेलं कोणीतरी सरळ उभं राहिलं.