येवाची लेस

उंदराला साखर आवडते हे न्वार्दला लहानपणापासून माहीत होतं, तरी तिने नको तो घोळ करून ठेवलाच. सुईने गाठी मारत विणलेली लेस धुतली की साखरपाण्यात बुडवायची आणि पाटावर टाचण्यांनी ताणून वाळवायची, म्हणजे कडक होते. ग्युम्री गावातल्या सगळ्या बायका हेच करतात, फक्त पाट कपाटावर ठेवतात. न्वार्दने तो शेगडीजवळ जमिनीवर ठेवला. सकाळी पाहिलं तर लेसचा एक कोपरा दोन बोटं कुरतडलेला.

लेस तिच्या सासूच्या आईची, येवाची. शंभरेक वर्षांपूर्वी अनाथाश्रमात विणलेली. कत्तलीत जळालेल्या गावातून येवाने बरोबर काही आणलं नव्हतं, होती ती बोटांतली विद्या. घरातल्या प्रत्येक मुलीची साखरपुड्याची अंगठी आधी या लेसवर ठेवायची, मग बोटात घालायची. आज चार वाजता न्वार्दच्या लेकीला, शोगिकला, अंगठी घालायला पाहुणे येणार होते. आणि चौऱ्याऐंशी वर्षांची सासू अझनीव लेसवर हात फिरवल्याशिवाय अंगठी ठेवू देत नसे.

"आजीला सांगून टाक," शोगिक म्हणाली.

"आजच्या दिवशी अंथरूण धरायला लावू त्यांना? मी करते नीट. अर्ध्या गावातल्या पोरींना मी शिकवलंय."

बाराला बसली. साडेतीनपर्यंत तीनदा विणलं, तीनदा कापून टाकलं. येवाच्या गाठी एका बाजूला कलत होत्या, न्वार्दच्या दुसऱ्या. हे ठिगळ आंधळ्याच्याही बोटांना कळलं असतं. चौथ्यांदा दोरा ओवताना तिच्या लक्षात आलं, ही विणणारी डावखुरी होती.  येवा डावखुरी होती असं या घरात कधी कुणी म्हटलं नव्हतं. मग ही लेस आहे तरी कुणाची?

"दार लावून काय चाललंय तुमचं?" अझनीव काठी टेकत आत आली. तिचा हात थेट कोपऱ्यावर गेला आणि थांबला.

न्वार्दने उंदराचं सांगितलं. मग तिला राहवलं नाही. "आई, ही डावखुऱ्या बाईने विणलीय. तुमच्या आईची नसेल."

"तिचीच आहे," अझनीव म्हणाली. "आश्रमात तिचा डावा हात पाठीशी बांधायचे. ही तिने चोरून विणली. माझा हात मात्र तिनेच बांधला, बाहेर कुणी मारू नये म्हणून."

तिने सुई घेतली, डाव्या हातात. न्वार्दने तीस वर्षांत हे पाहिलं नव्हतं. पहिली गाठ अगदी येवाच्या गाठींसारखी कलली. दुसऱ्या गाठीला म्हातारी बोटं वळेनात आणि सुई खाली पडली.

"शोगिक, तू ये."

शोगिक जागची हलली नाही. "मला येत नाही. का येत नाही ते आईला विचार."

न्वार्दला तोंडात मारल्यासारखं झालं. सात वर्षांची पोर डाव्या हाताने भराभर गाठी मारायची. शिकवणाऱ्या बाईची मुलगीच उलटं विणते असं लोक म्हणतील, म्हणून न्वार्द दर वेळी सुई काढून उजव्या हातात द्यायची, बोटांवर पट्टी मारायची. एक दिवस पोरीने दोरा शेगडीत टाकला. पुन्हा सुई धरली नाही.

"मी बघत होते," अझनीव म्हणाली. "मीही गप्प बसले."

पावणेचार झाले होते.  न्वार्दने खाली पडलेली सुई उचलून लेकीपुढे धरली.

"डाव्याच हातात धर," ती म्हणाली.

शोगिकने सुई घेतली. मग बसली. पहिल्या दोन गाठी सैल पडल्या, त्या तिने कापल्या. तिसरी घट्ट बसली. पण खिडकी डावीकडे होती, आणि तिच्या स्वतःच्या हाताची सावली कामावर पडत होती. न्वार्दच्या शिकवणीत सगळ्या खुर्च्या वर्षानुवर्षं अशाच, उजव्या हातांसाठी मांडलेल्या असत.

दारावर थाप पडली. बाहेर पाहुण्यांच्या हसण्याबोलण्याचा आवाज आला.

"थांबतील," अझनीव म्हणाली.

न्वार्दने लेकीला उठवलं, खुर्ची उचलली आणि खिडकी उजव्या हाताला येईल अशी नेऊन ठेवली.