बागेचं तिकीट

"तिकीट? कसलं तिकीट, बोगुशाबाई?" इर्मिनाबाईंनी हातातल्या पिशव्या जिन्यातच खाली ठेवल्या आणि मोकळेपणानं हसल्या. "अहो, फाटक सताड उघडं! लोक कुत्री फिरवायला येतात तिथं. आम्ही दोनदा जाऊन आलो. त्या अख्ख्या महागड्या शहरात फुकट मिळालं ते तेवढंच."

इर्मिनाबाई आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. शनिवार-रविवार धरून नवऱ्याबरोबर ऑस्लोला गेल्या होत्या, आणि जायच्या आधी मीच त्यांना स्वयंपाकघरात बसवून अर्धा तास शिकवलं होतं. पुतळ्यांची बाग बघायची तर सकाळी लवकर जा, तिकिटाच्या खिडकीशी रांग असते, तिकीट महाग आहे पण चुकवू नका, वगैरे वगैरे. एकट्या त्यांनाच नव्हे. आमच्या पोलंडातल्या ग्दान्स्कहून स्वस्तातली विमानं सुरू झाल्यापासून आमच्या इमारतीतलं कुणीही तिकडं निघालं की आधी माझ्याकडे यायचं. मी स्वतः तिथं एकदाही पाऊल ठेवलं नव्हतं, पण माझा नवरा वाल्देक तिथं रंगाऱ्याचं काम करायचा. वर्षानुवर्षं केलं त्यानं. नाताळ आणि ईस्टरला घरी, बाकी सगळा वेळ परांचीवर. दर रविवारी संध्याकाळी पाचला त्याचा फोन यायचा. मी पहिलं विचारायची, "आज काय बघितलंस?" आणि तो सांगायचा. पुतळ्यांची बाग तर त्यानं किती वेळा सांगितली असेल. "तिकीट महाग आहे गं, पण गेलो. उन्हाळ्यात छान असतं."

"बदललं असेल आता," मी इर्मिनाबाईंना म्हणाले.

"असेल की," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजातली ती समजूतदार दया मला मुळीच आवडली नाही.

घरात आले तर वाल्देक खिडकीशी बसून बटाटे सोलत होता. गुडघे गेल्यापासून बसून करायची सगळी कामं त्याच्याकडे आहेत. मी त्याच्याकडे बघत उभी राहिले.

"काय झालं?"

"कुठं काय. जाड सोलतोयस, पातळ सोल."

विचारलं नाही. विचारलं की माणूस उत्तर जुळवतो. चाळीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात काढली आहेत मी. सरळ विचारल्यावर खरं बोललेलं पोर बघितलेलं नाही. मी मालविनाला, माझ्या मुलीला, फोन केला. तिनं तिथल्या तिथं बघून सांगितलं, "आई, फुकटच आहे. नेहमीच होती. का गं?"

"काही नाही. तू आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला काहीतरी देणार होतीस ना? ऑस्लोची विमानाची तिकिटं काढ. दोन."

आता मी सांगते ते ऐकून कुणी हसेल, पण त्या दिवसापासून माझा डोळ्याला डोळा लागेना. माणूस बागेत गेलाच नव्हता, तर रविवारी होता कुठं? आणि कुणाबरोबर? कपाटात एक स्वेटर होता. निळा, पांढऱ्या नक्षीचा, हातानं विणलेला. एका नाताळला तो अंगात घालून वाल्देक घरी आला होता. "दुकानातून घेतला," म्हणाला होता. जो माणूस स्वतःसाठी मोजे घेत नाही, तो हातानं विणलेला स्वेटर घेतो? तेव्हा मी इतकी खुशीत होते की विचारच केला नव्हता. आता मी तो बाहेर काढला, उलटा केला, शिवण बघितली. कुणीतरी मन लावून विणलेला होता. मग घडी करून परत ठेवला, आणि परत काढला.

तिकिटं आली तसा वाल्देक बिथरला. मी जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरून बसले की त्याला काहीतरी सुचायचंच. कधी नळ ठिबकायचा, कधी बूट पॉलिश करायचे असायचे.

"कशाला जायचं? तिथं एक कॉफी प्यायची तर इथं दोघांचं जेवण होतं."

"डबा नेऊ. कॉफी थर्मासमध्ये."

"रविवारी सगळं बंद असतं."

"बाग बंद असते?"

त्यानं नकाशाचा कोपरा सरळ केला. मग म्हणाला, "मी बघितलंय सगळं."

"तू बघितलंयस रे. मी कुठं बघितलंय? मला दाखव. स्टेशनवरून बागेकडे कोणती ट्राम जाते?"

"बदलले असतील नंबर."

"तेव्हा कोणती जायची?"

"मी चालत जायचो," असं म्हणून तो उठला आणि संडासात जाऊन बसला. चांगला वेळ बसला. मी नकाशावर बोट ठेवून होते. तो राहायचा ते शहराच्या पार एका टोकाला आणि बाग दुसऱ्या टोकाला. चालत गेला असता तर पोचेपर्यंत सोमवार उजाडला असता.

कुठंतरी पाणी मुरत होतं, एवढं नक्की. मी ठरवून टाकलं. बागेच्या दारात त्याला उभं करायचं आणि म्हणायचं, जा, तिकिटं काढून आण. मग त्याचं तोंड बघायचं. त्यानं तो स्वेटरही घालायचा. कुणी ओळखलाच तर ओळखू दे.

"मे महिन्यात स्वेटर?" तो म्हणाला.

"तिकडं गार असतं, तूच सांगायचास."

विमानतळावर पहिला अपमान माझाच झाला. मी बिगोसची बरणी घेतली होती, आंबट कोबी आणि मांस तीन दिवस शिजवून केलेला प्रकार. तपासणीच्या पोरीनं ती बाहेर काढली आणि म्हणाली, "आजी, हे पातळ पदार्थात मोडतं."

"पातळ? चमचा उभा राहतो त्यात!"

"नेता येणार नाही, आजी."

"बसमध्ये कुणी काही म्हणायचं नाही," वाल्देक माझ्या मागून पुटपुटला. तो जन्मात विमानात बसला नव्हता. इतकी वर्षं बसनं आणि बोटीनंच गेला होता. बरणी कचऱ्याच्या डब्यात गेली. उकडलेली अंडी आणि पावात घातलेली कटलेटं तेवढी वाचली.

शनिवारी दुपारी पोचलो. शहर देखणं होतं, पाणी होतं, ऊन होतं, पण माझं लक्ष तिकडं नव्हतं. रस्त्यानं येणारी प्रत्येक बाई मी निरखत होते. पन्नाशीपुढची, सोनेरी केसांची, विणकाम येईल अशी. अशा बायका तिथं पैशाला पासरी. एकीनं तर स्वेटरकडे बघून स्मितही केलं. मी वाल्देकचा दंड धरला. ती तशीच पुढं निघून गेली.

वाल्देक मात्र वरच बघत चालला होता. "ते सज्जे बघितलेस? चौथ्या मजल्यापासून वरचे. माझे आहेत." थोडं पुढं गेल्यावर, "ही अख्खी बाजू आम्ही हिवाळ्यात केली. रंग वाळायचा नाही, हिटर लावून बसायचो." त्यानं मला एक रंगाचं दुकान दाखवलं, बाहेरून, बंद होतं ते. पहाटेची बस पकडायचा तो थांबा दाखवला. थांब्याच्या काचेला हात लावून जरा वेळ उभा राहिला. मग मला दुसरीकडे कुठं न्यावं ते त्याला सुचेना.

"लोक चढून जातात ते ऑपेराचं छप्पर कुठंय?" मी विचारलं. "तू सांगायचास ते?"

"गुडघा दुखतोय गं," तो म्हणाला. दुखत असेलही.

रविवारी सकाळी पोलिश मिसा, म्हणजे आमची रविवारची प्रार्थना, ऐकली. चर्चमध्ये जागा नाही, लोक फुटपाथवर उभे. तिथं त्याला सगळं ठाऊक होतं. कुठल्या भिंतीशी वारा लागत नाही तेसुद्धा. मग ट्राममध्ये बसलो. ट्रामचा नंबर मीच शोधला. तो टोपी मांडीवर घेऊन एखाद्या परीक्षेला निघाल्यासारखा बसला होता. वाक्य तयार होतं माझ्याकडे.

बागेच्या फाटकाशी आलो. उंच लोखंडी फाटक, दोन्ही दारं उघडी. बाबागाड्या आत जात होत्या, पळणारे लोक जात होते, कुत्री जात होती. मी तोंड उघडणार, तेवढ्यात वाल्देकनंच पाकीट काढलं.

"तू थांब इथं सावलीत," तो म्हणाला. "मी तिकिटं घेऊन येतो. म्हाताऱ्यांना सवलत असेल बघ."

आणि तो गेला. लंगडत, कुंपणाच्या कडेनं. डावीकडे एक बंद टपरी होती, तिथं वाकून आत बघितलं. मग उजवीकडे आला. तिथं आइस्क्रीमची गाडी होती. त्यानं टोपी काढली, गाडीवरल्या मुलीला काहीतरी म्हणाला आणि दोन बोटं वर केली. तिनं हसून दोन आइस्क्रीमं पुढं केली. तो घाईघाईनं मान हलवत मागं सरला. इतकी वर्षं राहून त्याला तिथल्या भाषेत रंगांची नावं येत होती, मजल्यांचे आकडे येत होते, आणि हो साहेब, झालं साहेब. बागेचं तिकीट कुठं मिळतं, हे विचारता येत नव्हतं.

मी फाटकाशी उभी राहून बघत होते. या शहरात ज्याचं कुणी असतं, तो तिला घेऊन दुसरीकडे कुठं जाणार? कॉफी परवडत नाही तिथं. तो या बागेतच आला असता. एकदा तरी. ज्या बाईला फिरवायचं आहे, तिनं त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं असतं की अरे वेड्या, फुकट आहे. माझ्या माणसाला हे सांगणारं इथं कुणी नव्हतं. पैसे पडत असणार असं त्यानं धरलं आणि ते पैसे घरी पाठवले. मालविनाचं शिक्षण, आमचा फ्लॅट, माझे दात, सगळं त्यातलंच.

तो अजून शोधतच होता. पाकीट हातात. घामाघूम झालेला, त्या मेल्या स्वेटरात.

"वाल्देक!" मी ओरडले. "ये इकडं! तिकिटं मालविनानं फोनवरच काढून ठेवलीत."

तो आला. "आधी सांगायचंस की. किती पडले?"

"पडले तेवढे. चल."

तो फाटकातच थांबला. आत जाणाऱ्यांकडे बघत राहिला. एक म्हातारा कुत्रा घेऊन गेला. दोन पोरी सायकली ढकलत गेल्या. कुणी कुणाला अडवत नव्हतं, कुणी काही दाखवत नव्हतं. वाल्देकनं माझ्याकडे बघितलं. मी पिशवीत थर्मास शोधत होते. तो वरच होता तरी शोधत होते. मग त्यानं पाकीट खिशात टाकलं.

"बरं केलं पोरीनं," तो म्हणाला.

आत पुतळेच पुतळे होते. आई, बाप, पोरं, म्हातारे, सगळे उघडे, सगळे एकमेकांना धरून. आम्ही एका बाकावर बसलो. त्याला अंडं सोलून दिलं, कटलेटचा पाव दिला. त्यानं स्वेटर काढून मांडीवर ठेवला आणि त्याच्यावरूनच हात फिरवत बोलला, माझ्याकडे न बघता.

"चर्चमधल्या दानाच्या खोक्यातला आहे हा. नवा होता मात्र."

"चांगला आहे."

"रविवारी झोपायचो, बोगुशा. मिसा ऐकून यायचो आणि नुसता झोपायचो. गजर लावून पाचला उठायचो, फोनसाठी. तू विचारायचीस, काय बघितलंस. इतक्या हौसेनं विचारायचीस. झोपलो होतो, असं काय सांगायचं माणसानं?"

"मग हे पुतळे?"

"एका घराला रंग देत होतो. त्यांच्या भिंतीवर फोटो होता."

मला राग आला. कुणावर ते कळेना. त्याच्यावर, त्या शहरावर, अर्धा तास बसून इर्मिनाबाईंना शिकवणाऱ्या माझ्यावर. मी कॉफी ओतली आणि कप त्याच्या हातात दिला. त्यानं अर्धी प्यायली, अर्धी मला परत केली. ऊन पाठीवर येत होतं. जरा वेळानं त्याची मान कलली आणि तो माझ्या खांद्यावर झोपला. तोंड थोडं उघडं, हात स्वेटरवर. किती दमलेला दिसत होता.

पाच वाजत आले तरी तो झोपलेलाच होता. मी हलले नाही. बसल्या जागेवरून दिसतील तेवढे पुतळे नीट बघायला लागले. पुलावर पाय आपटून रडणारं एक चिडकं पोर होतं, हात धरलेली म्हातारा-म्हातारी होती, चार पोरांना एकदम उधळणारा एक बाप होता. एकेक पाठ करून ठेवत होते. उठल्यावर तो काही विचारणार नव्हता. पण मी सांगणार होते.