खर्जकाकांची कवळी

दातांच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत ताई कवळ्या करायची. त्या दिवशी सकाळी साडेआठला ती कामावर आली, तर खर्जकाका तिच्याही आधी येऊन बाहेरच्या बाकावर बसलेले. स्वच्छ धुतलेला शर्ट, मांडीवर गाण्यांची वही, शेजारी काठी.

"काका, अहो, डॉक्टरीणबाईंनी तुम्हाला दहाला बोलावलंय."

"घरी बसून तरी काय करणार होतो?" काका म्हणाले. 'बसून'मधल्या 'स'ला बारीकशी शिट्टी वाजली आणि त्यांनी चटकन तोंडावर हात धरला.

ताई दिवसा कवळ्या करायची आणि मंगळवारी-शुक्रवारी संध्याकाळी एका हौशी मंडळात कोरसमध्ये गायची. चाळीसएक माणसं, त्यात कुणी शिंपी, कुणी बँकेतलं, कुणी नुसतंच रिटायर झालेलं. खरा गवई एकही नाही. तिच्या सासूबाईंना हे प्रकरण कधी पटलं नव्हतं. "दिवसभर लोकांचे दात घासते आणि संध्याकाळी स्वतःचा घसा," असं त्या शेजारणीला ऐकवायच्या. पण मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळचा स्वयंपाक त्याच उरकून ठेवायच्या, एका शब्दानं न बोलता.

काका मंडळात बावीस वर्षं होते. नोकरीत असताना ते पाणीपुरवठ्याच्या पंपघरात होते. पंपाच्या घरघरीत सूर मिसळत मिसळत आपला आवाज खाली उतरला, असं ते सांगायचे. खरंखोटं देव जाणे, पण मंडळात इतक्या खालचा सूर लावणारं दुसरं कुणी नव्हतं, म्हणून त्यांचं नाव खर्जकाका पडलं. हिवाळ्यात त्यांना न्यूमोनिया झाला. तीन आठवडे इस्पितळात काढून आले ते निम्मे होऊनच. हिरड्या आटल्या, कवळी तोंडात खुळखुळायला लागली. नवीन गाणं 'सरत्या सांजे, सोबत ये' असं सुरू होत होतं, म्हणजे पहिल्याच ओळीत शिट्ट्यांची माळ. गेल्या शुक्रवारी पुढच्या रांगेतल्या दोघी खुदकन हसल्या. काकांनी ऐकलं. ते वहीत बघत राहिले.

तालीम संपल्यावर मास्तरांनी ताईला बाजूला घेतलं होतं. मास्तर म्हणजे शाळेतले गाण्याचे शिक्षक. माणूस सालस, पण कुणाला नाही म्हणायची वेळ आली की त्यांना घाम फुटायचा.

"ताई, कार्यक्रम पुढच्या रविवारवर आलाय. काकांना यंदा बसायला सांगावं लागेल."

"मग सांगा की."

"मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची कुणी? तुमचं ते ऐकतात."

"काही सांगायचं नाही," ताई ठामपणे म्हणाली होती. "नुसता दातांचा प्रश्न आहे. तो माझ्या हातातला आहे. मंगळवारपर्यंत थांबा."

आणि आज मंगळवार होता.

डॉक्टरीणबाईंनी दहा वाजता काकांच्या वरच्या कवळीत मऊ मसाला भरून ती हिरड्यांवर दाबून धरली, माप घेतलं आणि कवळी ताईच्या हातात दिली. "आतून नवा थर चढवा. आणि पुढचे दोन दात किंचित मागे घ्या, म्हणजे शिट्टी जाईल. चारच्या आत होईल?"

"होईल."

"काका, तुम्ही घरी जा, चारला या."

"बिनदाताचा रस्त्यानं जाऊ?" काका म्हणाले. आता शब्द नुसते ओठांवर ओठ आपटून येत होते. त्यांनी खिशातला रुमाल काढून तोंडावर धरला आणि पुन्हा बाकावर जाऊन बसले.

ताईनं प्लास्टर कालवलं, कवळी साच्यात बसवली. प्लास्टर घट्ट होईपर्यंत दुसऱ्या एका बाईंचे दात मेणात रचले. मग काकांच्या साच्यातला मसाला खरवडून काढला, त्या जागी गुलाबी ॲक्रिलिक भरलं, साचा शिकंज्यात आवळून गरम पाण्यात सोडला. हे काम ती एकोणीस वर्षं करत होती. हजारो माणसांचं हसू तिच्या हाताखालून गेलं, पण त्यातल्या बहुतेकांचे चेहरे तिनं पाहिलेले नव्हते. ओळखीच्या माणसासाठी काम करताना हात जरा जास्तच जपून चालतो, हे तिला त्या दिवशी जाणवलं.

जेवणाच्या सुट्टीत ती चहा घेऊन बाहेर आली. काकांनी भिंतीकडे तोंड करून चहात बिस्किट बुडवून खाल्लं.

"घरी कळवलंत का, उशीर होईल म्हणून?"

"मुलगा-सून कामावर. नातवंडं आपापल्या खोलीत," काका म्हणाले. "घरात सगळं चांगलं आहे गं. कुणी वाईट वागत नाही. पण मला तोंड उघडावं लागत नाही. जेवायला आणि तुमच्याकडे येऊन गायला, एवढंच."

ताईनं रिकामे कप उचलले. ती आत गेली.

अडीचच्या सुमाराला कवळी साच्यातून बाहेर आली. तिनं कडा घासल्या, पुढचे दोन दात सुटे करून केसभर मागे बसवले आणि पॉलिशची मोटर सुरू करायला हात पुढे केला. तेवढ्यात दारापलीकडून काकांचा आवाज आला. दुपारची वेळ, दवाखान्यात चिटपाखरू नव्हतं. काका गाण्याचा शेवट म्हणून बघत होते. तिथे शब्दच नव्हते. नुसता 'आ', आठ मात्रा, सगळ्यांत खालच्या सुरावर.

'आ'ला दात लागत नाहीत.

सूर लागला, तीन मात्रा टिकला आणि मग दोरी सुटावी तसा खाली घसरला. थोडं थांबून काकांनी पुन्हा लावला. पुन्हा तिसऱ्या मात्रेला आवाजाच्या चिंध्या झाल्या. नंतर बराच वेळ खोकला ऐकू आला.

ताई मोटरच्या बटणावर हात ठेवून तशीच उभी राहिली. आता बाहेर जाऊन सांगता आलं असतं. खरं तर हीच वेळ होती. तिनं बटण दाबलं. मोटर घरघरायला लागली आणि बाहेरचं काही ऐकू येईनासं झालं. कवळी आरशासारखी चमकायला लागली, तरी ती घासतच राहिली.

चार वाजता डॉक्टरीणबाईंनी कवळी बसवली. "म्हणा काका, सशाचं शेपूट."

"सशाचं शेपूट," काका म्हणाले. लख्ख, स्पष्ट. मग लहान मुलासारखे हसत म्हणाले, "सोसायटीचा सेक्रेटरी साठ साली शंभर शिव्या शिकला!" डॉक्टरीणबाई खळखळून हसल्या. ताईही हसली, पण काकांकडे न बघता.

सहाला शाळेच्या हॉलमध्ये तालीम सुरू झाली. काका मागच्या रांगेत आपल्या जागी उभे राहिले. 'सरत्या सांजे, सोबत ये.' एकही शिट्टी नाही. पुढच्या रांगेतल्या त्या दोघींनी मागे वळून कौतुकानं मान हलवली. मास्तरांनी ताईकडे पाहून भुवया उंचावल्या, म्हणजे, जिंकलात हो! ताईनं नजर वहीत घातली.

गाणं शेवटाला आलं. सगळे आवाज एकेक करून थांबायचे आणि खाली एकटा खर्ज आठ मात्रा उरायचा, अशी रचना होती. एकेक आवाज थांबला. काकांचा 'आ' उरला. एक, दोन, तीन. आणि तुटला.

"पुन्हा घेऊ," मास्तर म्हणाले.

पुन्हा तुटला.

मास्तरांनी कपाळ पुसलं. "काही हरकत नाही. दमलात काका. जरा पाणी प्या, मग एकदा..."

"नको," काका म्हणाले. त्यांनी वही मिटली. "इतके दिवस चणे होते, दात नव्हते असं वाटत होतं. आता दात आले आणि कळलं, चणेच संपलेत. तुम्ही सूर थोडा वर घ्या आणि ती जागा दोघातिघांत वाटून द्या, मास्तर. एकाला दम लागला तर दुसरा धरेल."

कुणीतरी म्हणालं, "अहो काका, असं काय करता." काकांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. ते रांगेतून निघाले आणि हॉलच्या मागच्या खुर्चीवर जाऊन बसले. ताईला वाटलं, आता हे उठून जातील. पण ते गेले नाहीत. उरलेला तासभर डोळे मिटून, हनुवटी काठीवर टेकून ऐकत राहिले. त्या तासात ताई दोनदा चुकली.

सुटल्यावर ती त्यांच्याबरोबर बसथांब्यापर्यंत चालत गेली. रस्त्यावर दिवे नुकतेच लागले होते. ती म्हणाली, "काका, मला दुपारीच कळलं होतं. तुम्ही बाहेर म्हणून बघत होतात तेव्हा. मी मोटर लावली."

"माहितेय मला. म्हणून तर तिसऱ्यांदा म्हटलं नाही."

"सांगायला हवं होतं मी. चारचौघांत तुमची..."

"तू सांगितलं असतंस तर मी ऐकलं असतं?" काका थांबले. त्यांना दम लागला होता. "महिनाभर मी दातांवर खापर फोडत होतो. इस्पितळातून आलो तेव्हाच छातीला कळलं होतं. डोक्याला कळायला चारचौघंच लागतात कधी कधी. राग येऊ दे मला दोन दिवस. तुझ्यावरही येईल. मग जाईल."

ताईनं मान हलवली. तिचे डोळे भरून आले होते आणि तिला ते पुसायचे नव्हते, कारण मग काकांना दिसलं असतं.

"एक सांगू?" काका म्हणाले. "तुम्हा बायकांची मधली ओळ आहे ना, ती मी बावीस वर्षांत कधी ऐकलीच नव्हती. आपल्याच आवाजाच्या विहिरीत बसून असायचो. चांगली आहे गं. तिसऱ्या कडव्यात तुम्ही सगळ्या जरा घाई करता, तेवढं मास्तरांना सांग."

"तुम्हीच सांगा. शुक्रवारी या."

"बघू."

बस आली. काका दांडा धरून सावकाश चढले, खिडकीशी बसले. बस हलली तेव्हा त्यांनी हात केला नाही. ते समोर बघत होते आणि त्यांचे ओठ हलत होते. गात होते की नुसते दात चाचपत होते, ते ताईला खालून कळलं नाही.

शुक्रवारी ते आले नाहीत. रविवारी कार्यक्रमाला मात्र आले, तिसऱ्या रांगेत कडेला बसले, आणि त्यानंतरच्या मंगळवारी तालमीच्या अर्धा तास आधी हॉलवर येऊन मास्तरांशी तिसऱ्या कडव्यावरून कडाडून भांडले.