न्यायला कवा येतीस?

"काय रं संपत, नांदायला कवा निघालास?"

अंबूबाईनं विचारलं आणि म्हसोबाच्या ओट्यावर बसलेली सगळी मंडळी खो खो हसली. संपत मोबाईल उंच धरून रेंज शोधत होता. तोही हसला, पण पोराचं तोंड एवढंसं झालेलं त्याच्या आईला लांबूनही दिसलं. सोजराबाई शेळ्या घेऊन नेमक्या तिथूनच चालल्या होत्या.

"नांदायला जाईल न्हाई तर गावजेवण घालाया जाईल, तुला गं कशाला पंचाईत?" त्यांनी अंबूबाईला जागच्या जागी फटकारलं. "तुझ्या दारात भाकरी मागाया आलाय का माझा पोरगा?"

"अगं बाई, मस्करी केली!"

"मस्करी तुझ्या जावयाची कर. लई दिवस झालं, त्याला कुणी हसलं न्हाई."

पुन्हा हशा झाला, पण या वेळी अंबूबाईवर. सोजराबाईंच्या तोंडाला लागायचं धाडस वस्तीत एकट्या अंबूबाईला होतं, आणि दर वेळी ती असाच मार खायची.

गडाच्या पायथ्याशी पाली गाव, आणि पालीच्या वर, डोंगराच्या अंगाला ही वस्ती. गडावर जाणारी शहरातली पोरं खाली पालीत जेवतात आणि तिथूनच परत जातात. वर कुणी फिरकत नाही. मोबाईलची रेंजही फिरकत नाही. ती येते फक्त म्हसोबाच्या ओट्यावर. त्यामुळे वस्तीत कुणाचं जमतंय, कुणाचं फाटतंय, हे सगळ्यांना माहीत. नवराबायकोचं गुपितसुद्धा तिथं चारचौघांत बोलावं लागतं.

संपतची बायको मोहिनी नर्स होती. भोरच्या एका दवाखान्यात नोकरी करता करता तिनं परीक्षा दिल्या आणि गेल्या वर्षी इंग्लंडला गेली. संपत पालीत गडावर येणाऱ्यांना जेवण करून घालायचा. त्याच्या हातचं पिठलं खाऊन गेलेला माणूस पुढच्या खेपेला चार जणांना घेऊन यायचा. आता मोहिनीची तिकडची नोकरी पक्की झाली होती. नवऱ्याला बोलावून घ्यायची सोय होती, कागद करायचे तेवढे बाकी होते. ते करायचे कधी, हाच घोळ सुटत नव्हता.

फोन लागला. ओट्यावरच्यांनी कान टवकारले.

"मग, कागद कधी करू?" मोहिनीनं विचारलं.

"तुला जमंल तवा कर."

"तुमी म्हणाल तवा करते."

"माझं काय? तुझं बस्तान बसू दे आधी."

"बरं."

मग शेळ्यांची चौकशी झाली, आईच्या गुडघ्याची चौकशी झाली, आणि फोन संपला. दर आठवड्याला हेच. दोघंही इतकी सालस की एकमेकांना वाट करून देता देता दोघंही दारातच उभी.

"तिला ह्यो नकोय," अंबूबाई शेजारणीच्या कानात म्हणाली, पण तिचं कुजबुजणंही खालच्या वाडीला ऐकू जाई. "न्हाईतर ह्याचा पाय आईत अडकलाय. म्हातारीला सोडून कसा जाईल?"

सोजराबाईंनी ऐकलं. एरवी त्यांनी चार शब्द सुनावले असते. त्या दिवशी नुसत्या शेळ्या हाकत निघून गेल्या.

बाजारच्या दिवशी त्या भोरला गेल्या आणि एसटी स्टँडजवळच्या माउलीच्या दुकानात जाऊन बसल्या. माउली त्यांच्या बहिणीचा मुलगा. पासपोर्ट, व्हिसा, दाखले असली कामं करून द्यायचा.

"मला नीट समजंल असं सांग," सोजराबाई म्हणाल्या. "संपतचं घोडं अडलंय कुठं?"

"कुठंच न्हाई, मावशी. आज अर्ज टाकला तर आज चालतंय. म्या तर म्हणतो, टाकाच. आज हायेत ते नियम उद्या असतील, ह्याचा काय भरवसा?"

"मग?"

"वहिनी एका खोलीत ऱ्हाती. चौघीजणींत मिळून एक स्वयंपाकघर. ती म्हणती, आधी सोताचं घर घेते भाड्यानं, सगळं मांडते, मग ह्यांना आणते. दादा बी म्हणतो, घाई नको. वर्स-दोन वर्सं जातील ह्यात." माउली थोडा घुटमळला. "आन… तुमचं बी हायेच की."

"माझं काय?"

माउली कॉम्प्युटरमध्ये डोकं घालून बसला.

"माझं काय, म्हणते म्या! म्या काय दाव्यानं बांधलाय त्याला?" असं म्हणून सोजराबाई उठल्या. चहासुद्धा घेतला नाही.

एसटीत खिडकीशी बसल्या, तरी माउलीचं बोलणं कानातून जाईना. सगळं मांडते, मग आणते. हे वाक्य त्यांनी पूर्वी ऐकलं होतं. अगदी याच शब्दांत.

गाडी हायवेला लागली आणि फाट्यावर थांबली. इथून आत वळलं की वेल्ह्याकडे, घराकडे. तसंच सरळ गेलं की शिवरे.

त्यांचा नवरा गेनू शिवऱ्याला हायवेवरच्या एका हॉटेलात आचारी होता. लग्न झाल्यावर म्हणाला, खोली बघतो, सगळं मांडतो, मग तुला नेतो. माणूस शब्दाचा पक्का. मांडून झाल्यावरच न्यायला आला. तोवर संपत चालायला लागला होता. सोजराबाई हौसेनं गेल्या. खोली कशी, आरशासारखी! डबे ओळीनं लावलेले, ताट-वाट्या लखलखीत, प्रत्येक वस्तूला तिची जागा. भाकरीचं पीठ मळायला बसल्या आणि विचारावं लागलं, "मिठाचा डबा कुठं हाय?" त्यानं प्रेमानं काढून दिला. सकाळी त्या उठायच्या आत त्याचा चहा झालेला असे. त्यांनी तवा चुलीजवळ ठेवला, की तो न बोलता उचलून खुंटीला लावी. मारझोड नाही, दारू नाही, दुसऱ्या बाईचा वास नाही. भला माणूस. फक्त त्या घरात सोजराबाईंनी करावं असं काही उरलंच नव्हतं. पंधरवडाही झाला नसेल, "शेळ्या आजारी हायेत" म्हणून त्या पोराला काखेत मारून वस्तीवर आल्या, त्या आल्याच. गेनू सणावाराला पिशवी घेऊन यायचा, पाहुण्यासारखा ओसरीवर बसायचा आणि जायचा. एके दिवशी तो गेल्याचा निरोपच आला.

शिवरे ते किती लांब! सकाळी निघालं तर दुपारी परत येता येतं. सोजराबाईंना ते जन्मभर लांब पडलं.

गाडी आत वळली. तरीही त्यांचा निर्णय काही लगेच झाला नाही. कारण गोष्ट साधी नव्हती. लेकीची आई कधी आपल्या तोंडानं "न्या" म्हणत नाही. सासरचं माणूस न्यायला येईपर्यंत गप्प बसायचं, ही रीत. जी म्हणते, तिला लेक जड झाली असं लोक बोलतात. सोजराबाई होत्या मुलाची आई, पण दैवानं आणून बसवलं होतं लेकीच्या आईच्या पाटावर. आपण होऊन बोललं, तर अंबूबाई साऱ्या खोऱ्यात दवंडी पिटणार की आईला पोरगा जड झाला, सुनेच्या दारात लोटून दिला. आणि तो गेल्यावर घरात बोलायला कोण? शेळ्या? रस्ताभर त्या स्वतःशीच भांडत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या संपतच्या मागोमाग ओट्यावर गेल्या. अंबूबाईसकट सगळे हजर होते.

"फोन लाव," त्या म्हणाल्या. "तोंड दिसतंय तसला."

मोहिनी पडद्यावर आली. पलंगावर बसून ताटलीत काहीतरी खात होती. संपतनं तोंड उघडायच्या आत सोजराबाईंनी मोबाईल त्याच्या हातातून काढून घेतला.

"मोहिने, माझ्या पोराला न्यायला कवा येतीस?"

अंबूबाई बसल्या जागी पुढं सरकली.

"आये!" संपत कळवळला.

"तू गप. बोल गं."

मोहिनी गोंधळून गेली. "आत्या, घर कुठंय अजून? ही एवढी खोली. त्यांना आणून कुठं बसवू?"

"खाली बसंल. सवय हाय त्याला."

"थोडं थांबा ना, आत्या. घर बघते, भांडीकुंडी घेते, सगळं नीट मांडते, आणि मग—"

"मांडू नगंस!"

सोजराबाई एवढ्या मोठ्यानं ओरडल्या, की खाली चरणाऱ्या शेळ्यांनी माना वर केल्या.

"मांडू नगंस पोरी, ऐक माझं. तू एकलीनं सगळं मांडलंस, की ते घर तुझं व्हईल. मागनं त्यो आला, की पाव्हणा. कप कुठं ठिवू, चप्पल कुठं काढू, समदं इचारत बसंल. तू बी भली, त्यो बी भला. भांडान व्हायचं न्हाई. भांडान झालं तर बरं म्हणायची पाळी यील. मला ठावं हाय. शिवऱ्याला ह्याच्या बापाच्या खोलीत म्या मिठाचा डबा इचारलाय. सोताच्या नवऱ्याच्या घरात! आन परत आले ती कायमची."

संपत आईकडे बघतच राहिला. "तू तर शेळ्या आजारी पडल्या म्हणून आलीस ना?"

"शेळ्यांना काय धाड भरली व्हती? धडधाकट व्हत्या."

कुणी हसलं नाही. मोहिनीनं ताटली बाजूला ठेवली होती.

"काहीच नसंल तवाच ने त्याला," सोजराबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज आता उतरला होता. "दोघं मिळून भांडी घ्या. दोघं मिळून खिळं ठोका."

"आणि तुमी, आत्या? तुमी एकट्या—"

"व्हय, एकली. जीव तुटंल माझा, न्हाई कशाला म्हणू? लई तुटंल. रडंन, ऱ्हाईन, शेळ्या राखंन. पण म्या अडवून धरला, असं तुमी दोघं उद्या मनात आणलंत, तर ते मला सोसायचं न्हाई."

मोहिनी रडायला लागली. मग नाक पुसून म्हणाली, "उद्याच अर्ज टाकते. आणि न्यायला मी स्वतः येते."

"मला यायचंच व्हतं गं," संपत एकदम बोलून गेला. चारचौघांत. "पैल्या दिवसापास्नं यायचं व्हतं." आणि मग लाजून ओट्याखाली उतरला. अंबूबाईला त्यावर बोलण्यासारखं पुष्कळ होतं, पण तिनं त्या दिवशी पदर तोंडाला लावून धरला.

कागद झाले. मोहिनी रजा काढून आली, बोलल्याप्रमाणे स्वतः आली. निघायच्या दिवशी माउली पालीपर्यंत गाडी घेऊन आला आणि सगळी वस्ती डोंगर उतरून खाली आली.

"बाईमाणूस मुऱ्हाळी! न्यायला आली बघा नवऱ्याला!" अंबूबाईनं आपला मोका साधलाच. सगळे हसले. मोहिनीही हसली. संपत डिकीत पिशव्या लावायचं निमित्त काढून वाकून राहिला.

सोजराबाईंनी मोहिनीची ओटी भरली. मग संपतला हाक मारून जवळ बोलावलं, त्याचा हात धरला आणि मोहिनीच्या हातात दिला. डोक्यावरचा पदर सारखा करून त्यांनी सुनेपुढं दोन्ही हात जोडले.

"आमचं लेकरू तुमच्या पदरात घातलंय," त्या म्हणाल्या. "चुकलं-माकलं पोटात घाला."

सुनेला अहो-जाहो ऐकून मागं दोघी-तिघी फिसकन हसल्या. त्यांना वाटलं, म्हातारीची नेहमीची थट्टा. मग त्यांना सोजराबाईंचं तोंड दिसलं आणि त्या गप्प झाल्या.

मोहिनीला हुंदका आवरेना. तिनं सासूचे जोडलेले हात आपल्या दोन्ही हातांत धरले. "न्हाई हो आत्या, काही कमी पडू देणार न्हाई," एवढंच कसंबसं म्हणाली.

"सुखानं न्या," सोजराबाई म्हणाल्या.

गाडी निघाली. संपत मागच्या काचेतून बघत होता, अंबूबाई मोठ्यानं रडत होती. सोजराबाई रस्त्याच्या कडेला उभ्या होत्या, आणि गाडी वळणाआड जाईपर्यंत त्यांनी जोडलेले हात खाली घेतले नाहीत.